बाबागाडीचं हूड

यासीनभाईंनी बादली ओतली, हूड उचललं आणि बाबागाडीत ठेवलेला पेपर बाहेर काढला. पहिल्या पानावरचे मंत्री ओलेचिंब झाले होते.

"इथं पोरगं असतं तर?" यासीनभाई म्हणाले.

यासीनभाई म्हणजे माझे मोठे भाऊ आणि दुकानाचे मालक. पारनेरच्या पेठेत आमचं हूड-सीटचं दुकान. जीप, रिक्षा, ट्रॅक्टर, ज्याला छप्पर नाही त्याला आम्ही छप्पर शिवायचो. नव्वदीच्या दशकातली गोष्ट. तालुक्यात काळ्या-पिवळ्या जीपगाड्यांचा जोर होता आणि आमच्या मशीनला उसंत नव्हती. बाबागाडी मात्र दुकानात पहिल्यांदाच आली होती. गावातच पहिल्यांदा आली असावी, कारण ती बघायला समोरचा चहावाला स्टोव्ह तसाच सोडून आला होता.

गाडी हायस्कूलच्या कांबळे मॅडमची. त्या गणित शिकवायच्या. मिस्टर मुंबईला नोकरीला. मुलगा मिलिंद नुकता चालायला लागलेला. रोज सकाळी त्याला गावाच्या दुसऱ्या टोकाला सांभाळणाऱ्या बाईंकडे सोडायचं आणि मग शाळा गाठायची. एका हातात छत्री, दुसऱ्या हातात मूल, खांद्याला वह्यांची पिशवी. आमच्याकडे पाऊस कमी, पण वारा ती कसर भरून काढतो. छत्री उलटायची, पोरगं भिजायचं, सर्दी ठरलेली. पुण्याच्या बहिणीने तिची जुनी बाबागाडी दिली, पण तिच्यावरचं कापड उन्हापुरतंच होतं.

"शनिवारी सासूबाई येतायत, मिलिंदला गावी न्यायला," मॅडम म्हणाल्या होत्या. "मिस्टरांनीही हो म्हटलंय. पावसाळा संपेपर्यंत राहू दे म्हणतात. पण रफिकभाई, पावसाळ्यानंतर थंडी येते, थंडीनंतर ऊन. तो परत यायचाच नाही."

हे त्या हसत बोलल्या, पण छत्रीची वाकलेली काडी पुन्हा पुन्हा सरळ करत होत्या. मला ते ऐकवेना. मी म्हणालो, "मॅडम, आम्ही जीपला हूड करतो. हे तर खेळणं आहे. शनिवारच्या आत घेऊन जा."

बोलून बसलो आणि मंत्री भिजवून बसलो.

चूक आमच्या गावाला शोभेल अशीच होती. आमच्याकडे हूड शिवायचं ते ऊन आणि धूळ अडवायला. पाऊस आलाच तर जीपवाला गाडी कडेला घेऊन स्वतःच खाली उतरून भिजतो. त्यामुळे आम्ही वर्षानुवर्षं ज्याला वॉटरप्रूफ म्हणत आलो, त्याची कुणी कधी तक्रारच केली नव्हती. रेक्झिनमधून पाणी जात नाही हे खरं. पण शिवण म्हणजे काय, तर सुईने पाडलेल्या भोकांची रांग.

मी सगळ्या शिवणींवर मेणबत्ती घासली, वरून गरम इस्त्री फिरवली, त्यावर रेक्झिनच्या पट्ट्या सोल्युशनने चिकटवल्या. सोल्युशन म्हणजे पंक्चरवाल्याकडे असतं ते. समोर जीपच्या पडद्याचं जाड, आरपार दिसणारं प्लास्टिक लावलं. पुन्हा बादली ओतली. मंत्री ठणठणीत कोरडे. चहावाल्याने टाळ्या वाजवल्या.

शाळा सुटल्यावर मॅडम मिलिंदला घेऊन आल्या आणि त्याला आत बसवलं. त्याने इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं आणि भोंगा पसरला. थोड्याच वेळात प्लास्टिकवर वाफ धरली आणि पोरगं दिसेनासं झालं, नुसता आवाज येत राहिला. मी तातडीने हूड उघडलं. दोन्ही बाजूंना जाळीच्या खिडक्या केल्या, त्यांच्यावर झडपा दिल्या. वाफ गेली. आवाज होता तिथेच होता. आत आरसा टांगला, गोंडे लावले, रिक्षाचा रबरी हॉर्न बांधला. तो हॉर्न त्याने चावला.

शनिवारी मॅडम सासूबाईंना घेऊन थेट दुकानात आल्या. आजी दणकट, नऊवारीतल्या. त्यांच्या हातातल्या पिशवीत नातवाचे कपडे भरलेले मला वरूनच दिसले.

"जयभीम, आजी."

"जयभीम. हीच का ती गाडी? बसवा त्याला."

मिलिंदला बसवायला आणि पाऊस यायला एकच गाठ पडली. आमच्या पेठेत पाऊस आला की दुकानात कुणी थांबत नाही. किराणावाला, सोनार, न्हावी, अर्धी दाढी झालेलं गिऱ्हाईक, सगळे रस्त्यात. यासीनभाई टोपी काढून मधोमध उभे. मॅडमनी गाडी रस्त्यावर घेतली, आजी आणि मी दुकानाच्या पत्र्याखाली उभे राहिलो. पाणी हुडावरून नुसतं घरंगळत होतं. आत मिलिंद अगदी कोरडा, आणि दोन्ही पाय झाडून रडत होता.

आजी म्हणाल्या, "कोरडं हाय, न्हाई म्हनत न्हाई. पर किती रडतंय बघा. रोज असं रडवत न्यायचं व्हय लेकराला?"

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. तेवढ्यात मला दिसलं की बोलता बोलता आजींनी आपला हात पत्र्याबाहेर धरला होता, तळवा वर करून. आणि आत मिलिंदचा तळवा प्लास्टिकवर एकाच जागी आपटत होता.

"आजी, तुम्ही हात बाहेर का काढलात?"

"आता पाऊस आलाय म्हनून." त्यांनी स्वतःच्या हाताकडे पाहिलं, मग नातवाकडे. "आगं बया. त्याला बी हात भाइर काढायचाय की."

मी गाडी पत्र्याखाली ओढून घेतली, हूड उतरवलं आणि कात्री उचलली.

"अरे, काय करतोस?" यासीनभाई रस्त्यातून ओरडले. "सगळी भोकं आत्ताच बुजवलीस ना?"

तोवर मी बाजूला गोल भोक पाडलंही होतं. रेनकोटच्या कापडाची बाही आत वळवून शिवली, तोंडाला इलॅस्टिक भरलं, शिवणीवर मेण घासलं. मिलिंदला पुन्हा आत बसवून त्याचा हात मी बाहीतून बाहेर काढला.

रडणं थांबलं. छोटा हात उघडला, मिटला, पुन्हा उघडला. त्यात पाणी साचलं, सांडलं, आणि आतून खदखदून हसण्याचा आवाज आला.

"सरका," आजी म्हणाल्या आणि दांडा त्यांनी स्वतः धरला.

पुढे आजी, मागे उलटी छत्री घेतलेल्या मॅडम, त्यांच्यामागे मी आणि भिजलेले यासीनभाई. गाडीतून बाहेर आलेला तो हात पेठेने पाहिला आणि माणसं शेकहँड करायला धावली. अर्ध्या दाढीवालाही आला. पेपरातल्या मंत्र्यांचंही असं स्वागत आमच्या पेठेत झालं नसेल. मॅडम इतक्या हसत होत्या की त्यांना चालता येईना, आणि मला तर उगाचच रडू येत होतं.

सांभाळणाऱ्या बाईंच्या दारात हूड उघडलं. मिलिंद केसापासून पायापर्यंत कोरडा, फक्त एक हात मनगटापर्यंत ओला. आजींनी तो पदराने पुसला. "हात पुसला की झालं," त्या म्हणाल्या आणि हातातली पिशवी मॅडमकडे दिली. "हे कपडे कपाटात ठिव. मला येश्टीला उशीर हुतोय."

तेव्हापासून मी माप गाडीचं घेतो, पण आधी विचारतो की आत कोण बसणार. वॉटरप्रूफ हुडाची ऑर्डर आली की यासीनभाई अजूनही मान वर न करता म्हणतात, "भोक कुठे पाडायचं ते आधी विचारून घे."