करवंदांची बरणी आणि नवरीचा मामा

भेस्तानमधली ती गच्ची आठवली की मला आजही एकट्यालाच हसू फुटतं. गुजरातेत दारूबंदी आणि मी तिथल्या ठाण्याचा फौजदार. दुपारी फोन आला, "साहेब, आमच्या शेजारी लग्नघरात दारू करताहेत! शरबत म्हणून मला दिलं, डोकं गरगरतंय माझं!" शेजारीण चांगलीच रंगात आली होती.

पंच घेऊन पोचलो. घर खानदेशी, कापडाच्या लूमवर राबणारं. मुलीला हळद लागलेली, दुसऱ्या दिवशी लग्न. गच्चीवर उन्हात करवंदांच्या बरण्या, तोंडाला फडकी बांधलेली. नवरीची आई पुढे आली.

"साहेब, चलथाणकडच्या बांधावरून मीच तोडून आणली. देठ मोडला की पांढरा चीक येतो, ते करवंद. बाजूलाच घाणेरीचे काळे मणी असतात, त्यांना हात लावत नाही. साखर घालायची, ऊन दाखवायचं, बाकी काही नाही. मला आत टाकलंत तर पोरीचं लग्न मोडेल हो!"

एकेक फडकं सोडून वास घेतला. सगळं शरबत. एकाच बरणीचा भपकारा आला. हवालदार म्हणाला, "साहेब, आ तो दारू ज छे!"

पण करवंदं आंबली असती तर फेस आला असता, फळं मऊ पडली असती. इथे ती टणक होती. म्हणजे कुणीतरी तयार दारू ओतली होती. विचारलं, तर सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघू लागले.

नमुने सीलबंद करून मी मुद्दामच आवाज चढवला, "बाकीचं सगळं गटारात ओता!" हवालदाराने पहिली बरणी उचलली, कुणी हललं नाही. त्या भपकाऱ्याच्या बरणीला हात लावला मात्र, नवरीचा मामा कळवळला, "अरे अरे, हळू!"

"का हो मामा, हिचीच एवढी माया?"

मामाने तिथेच सगळं कबूल केलं. दमणला दारू खुली, तिथून त्याने बाटली आणली होती. ताईच्या धाकाने बरणीत रिकामी केली, वरात निघाल्यावर गुपचूप प्यायची म्हणून. शेजारणीला चव द्यायला ताईने नेमकी तीच बरणी उघडली. ताईने आधी त्याच्या पाठीत धपाटा घातला, मग माझे पाय धरले. "साहेब, मना एकच भाऊ शे! अंतरपाटाशी पोरीमागे मामा नको का?"

मामाला ठाण्यात आणून गुन्हा नोंदवला, त्यात सूट नाही. पण कलम जामीनपात्र होतं. जामीन कोण राहणार, असं विचारतोय तोवर बातमी ऐकून नवरदेवाचे वडीलच ठाण्यात हजर. नवरीच्या आईने भीतीने पदर तोंडाशी धरला.

"मी राहतो जामीन," ते म्हणाले. "मामाशिवाय नवरी आणणार कोण? आणि विहीणबाई, रडताय काय? उद्या शरबत ठेवाच. फक्त आधी मामाला पाजा!"

अख्खं ठाणं हसलं.

गुन्हेगार सापडला की आपलं काम संपलं, असं मी तोवर समजत होतो. त्याच्या घरी उद्या काय आहे, हेही विचारावं, हे त्या दिवसापासून शिकलो. तेवढ्याने कायदा सैल होत नाही.

दुसऱ्या दिवशी साध्या कपड्यांत लग्नाला गेलो. मामा भाचीच्या पाठीशी उभा होता, डोळे डबडबलेले. मी अक्षता टाकल्या, त्यातल्या मूठभर आरोपीवरही.