सपाट अंगण

"आग आमची टेकडी धावत चढते, बंब खालीच दमतो," एदेल्मीरा एकदा म्हणाली होती. होंडुरासच्या राजधानीतल्या, तेगुसिगाल्पाच्या त्या चढावरच्या वस्तीत तिचं अंगण तेवढं सपाट होतं.

सभेत पालिकेच्या बाईंनी विचारलं, "अग्निशमन केंद्र आणि पोलीस चौकी एकाच छताखाली बांधू. जागा कोण देतं?"

सगळ्यांनी माना खाली घातल्या. चौकीला जागा देणाऱ्याला वस्तीतली खंडणीखोर टोळी सोडणार नव्हती, आणि टोळीला बातम्या पोचवणारा न्हावी विल्मेर मागे कैरीला मीठ लावत बसला होता.

"मावशी, पोलिसांना कॉफी तूच पाजणार वाटतं?" तो हसला.

एदेल्मीराने आपल्या हातांकडे पाहिलं. बहिणीचं घर जळताना हेच हात रिकामी बादली बडवत होते.

तिने अंगणाच्या फाटकाची किल्ली बाईंच्या टेबलावर ठेवली आणि विल्मेरच्या खुर्चीला घासून ती बाहेर पडली.