गादीवरचा सेन्सर

सदर इसम भूमिगत विभागात यांत्रिक छिद्रक-चालक, श्रेणी दोन. बांधा मध्यम, वर्तणूक चांगली. ओळखीची खूण : हनुवटीवर तीळ. हातांबाबत तक्रार आहे. ती इसमाची स्वतःची आहे.

खाणीत सगळे त्यांना भोकपाडे म्हणत. हे आडनाव नव्हे. उभा जन्म खडकाला भोकं पाडण्यात गेला आणि ड्रिलचे हादरे बोटांत कायमचे मुक्कामाला आले. बोटं पांढरीफटक पडत, बधिर होत. बायकोला ताप आला की ते तिच्या कपाळाला कोपर लावत.

"अहो, मी काय आंघोळीचं पाणी आहे?" ती म्हणे.

शेवटी त्यांनी वरच्या दिवे वाटपाच्या खोलीत बदली मागितली. बदल्या ठरवणारी खाणीची समिती म्हणाली, आधी हादरे मोजू. मग एक तरुण इंजिनियरबाई खाली आली आणि तिने ड्रिलवर काडेपेटीएवढा सेन्सर बसवला.

"याला बॅटरी नाही, काका. ड्रिल थरथरलं की त्या थरथरीवरच हा चालतो, आणि तीच मोजून वर कळवतो."

"म्हणजे आमच्याच पंगतीतला. हादरे खाऊन जगणारा."

"याच्या आकड्यांवर तुमची बदली ठरणार. जपा त्याला."

ती गेल्यावर भोकपाड्यांनी सेन्सर सोडवला, जाड रबराचा तुकडा कापून खाली घातला आणि पुन्हा आवळला. ड्रिलवर काहीही बसवायचं तर खाली रबर, हा खाणीतला धर्म. त्याशिवाय टिकलेली वस्तू त्यांनी पाहिली नव्हती, स्वतःसकट.

"भोकपाडे, जावयालाही एवढी गादी घालत नसाल," जोडीदार म्हणाला.

"जावई कुठे माझी बदली करणार आहे?"

सेन्सर गादीवर उपाशी बसून राहिला. जे काही आकडे वर पोचले, ते शिलाई मशीनला शोभले असते. समितीने त्यांवरून निकाल दिला. त्यानंतर सेन्सर काढायला पुन्हा खाली आलेल्या इंजिनियर पोरीला रबर दिसलं.

"काका, हे कुणी घातलं?"

"मीच. बघ, एक ओरखडा नाही!"

तिने सांगितलं. भोकपाडे रबराचा तुकडा हातात फिरवत राहिले. तो मऊ आहे की कडक, हेही त्यांना कळत नव्हतं.

"म्हणजे मीच त्याचं तोंड दाबलं."

तिने समितीकडे फेरतपासणी मागितली. निकाली प्रकरण पुन्हा उघडता येत नाही, असं उत्तर आलं.

हादरे मर्यादेत. हातांची कार्यक्षमता समाधानकारक. इसमाने पूर्ववत कामावर रुजू व्हावे.

रुजू होण्याच्या सकाळी त्यांच्या शर्टाची बटणं बायकोने लावली.