शेवटची जुडी मी शिवली नाही

थांबा, हे आत्ताच सांगते. उद्यावर टाकलं तर आई मला गप्प करेल. नखातली खळसुद्धा अजून वाळली नाही.

"वहाणांपाशी बस. तिथूनच शिव."

वकीलकाकू म्हणाल्या. सगळ्या बायांदेखत.

आम्ही जिनगर. आजा खोगिरं शिवायचा, बाप पुस्तकं बांधतो. आपल्या नंदुरबारच्या वाचनालयात बुधवारी दुपारी बायकांची बैठक असते. तिथं पुरुषाला मज्जाव, म्हणून बाप मला पाठवतो. चिंचोक्याच्या खळीचं वाडगं, सुई, दोरा.

आत सतरंजी. मधे चौरंग. चौरंगावर काकूंची कुसुम, माझ्याच वयाची. ती वाचते, बाया ऐकतात. निम्म्यांना अक्षर येत नाही. कादंबरी घरोघर फिरून पार उसवलेली, पण बायांना धीर कुठला! मी एकेक जुडी, म्हणजे पानांचा एकेक गठ्ठा, सांधून आत द्यायची, कुसुमनं वाचायची, परत आली की मी शिवायची.

मी जळत होते. हो, जळतच होते! तिच्या रेशमी परकरावर नाही. त्या चौरंगावर. ती जांभई द्यायची तरी बाया म्हणायच्या, "वाच गं राणी." पान उलटायला बोटाला थुंकी लावायची. मी सांधलेल्या पानाला! आणि कंटाळा आला की मधलं गाळायची.

आज मला राहवेना. उंबऱ्याबाहेरून बोलले, "मधलं राहिलं."

कुसुम फिस्सकन हसली. "हिला काय कळतंय?"

काकू म्हणाल्या, "चामड्याच्या हातांनी शिवावं. वाचायला लागले ते हात, तर पुस्तक बाटेल."

सगळ्या हसल्या. तापीकाठच्या रेवाभाभी तेवढ्या हसल्या नाहीत. त्यांची बैलगाडी बाहेर उभी होती, जीव गोष्टीत अडकलेला. "पोर खरं बोलनी," त्या म्हणाल्या. "आते पुढे काय व्हयनं, ते सांगा ना."

पुढचं माझ्या हातात होतं. शेवटची जुडी. कुसुमनं हात पुढं केला.

मी दिली नाही.

शाळेची भाषा कुठं पळाली कोण जाणे, घरचीच तोंडात आली. "ही मी वाचसू. ऐकनं व्हई ते बठा."

वहाणा ओलांडून आत गेले. काकू ओरडल्या, "चौरंगाला शिवू नकोस!" कुसुमचा हात धरून उठल्या. त्यांच्यामागं बऱ्याच जणी उठल्या.

रेवाभाभी सरकल्या, सतरंजीवर हात थोपटला. "बठ पोरी. वाच."

वाचलं. काही गाळलं नाही. मग जुडी चौरंगावर ठेवली, उसवलेलीच, आणि निघाले.

घरी पोचले तर निरोप आधीच आलेला. जिनगराला काम बंद. बापानं थोबाडीत दिली. "पोटवर पाय दिना तू!" आई चुलीपाशी रडतेय. मला कुणी शाबास म्हणालं नाही, म्हणणारही नाही.

पण बुधवारी मी जाणार. वाडगं घरी ठेवून. काकू म्हणतील, जळकी आहे. असू दे! बसायचं तर चौरंगावरच. उठवलं तर पुढच्या बुधवारी परत.

बायांनो, तुम्हालाही कुणी वहाणांपाशी बसवलं होतं का? खरं सांगा. तिथून उठलात का?