गाड्यांकडे तोंड

मामा आमच्या टोळीतले झेंडेवाले. अर्धा रस्ता खणलेला आणि उरलेल्या अर्ध्यावरून गाड्या चालू. आम्ही गाड्यांकडे पाठ करून खडी टाकायची आणि मामांनी लाल झेंडा घेऊन गाड्यांकडे तोंड करून उभं राहायचं. एखादी गाडी आत घुसलीच तर त्यांच्या शिट्टीवर आमचा जीव. गाडीवाल्यांचं काय सांगावं! दोन मिनिटं थांबवलं की त्यांच्या पोटात दुखतं. म्हणून मामांनी मागे पाहायचं नाही, हा नियम. कोणी हाक मारली तरी ते पुढे बघतच "बोल" म्हणायचे. मागचं काम त्यांना कानांनीच कळायचं. घमेली रिकामी होण्याचा आवाज मंदावला की विचारायचे, "काय झालं रे?"

मागे आमच्यात मामी असायची, त्यांची बायको. तोंडाने फटकळ, हाताला चलाख. माझी तिची जोडी. "लग्न झाल्यापासून नवऱ्याची पाठच बघतेय," म्हणायची. "उद्या मी मेले तरी हा बाबा 'बोल' म्हणेल." आम्ही हसायचो. मामाही हसायचे, म्हणजे त्यांचे खांदे हलायचे.

घरीसुद्धा ते दाराकडे तोंड करूनच जेवायचे. मामी म्हणायची, "इथे कुठला ट्रक घुसतोय?"

त्या दिवशी ऊन मी म्हणत होतं. मामी घमेल्यासकट मटकन खाली बसली. तिचा चेहरा पार पांढरा पडला होता. मी ओरडणार, तेवढ्यात तिने माझं मनगट धरलं.

"त्यांना हाक मारू नकोस गं. वळतील ते."

मुकादम डांबर आणायला गेला होता आणि झेंडा धरायला दुसरं शिकलेलं कोणी नव्हतं. रोलरवाल्याने तिला टेम्पोत घातलं. मी बरोबर चढायला लागले तर म्हणाली, "तू थांब. दोघींची घमेली टाक. आवाज कमी झाला तर कळेल त्यांना."

मी टाकली. एकदा माझं, एकदा तिचं. डोळ्यांतून धारा लागल्या होत्या, पण हात थांबवले नाहीत. पुढे मामा निवांत उभे होते.

मुकादमाने येऊन झेंडा हातात घेतला तेव्हाच मामा वळले. आधी माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या दोन्ही घमेल्यांकडे. काही न विचारता ते पळत सुटले. दवाखान्यात पोचले तोवर सगळं संपलं होतं.

थोड्या दिवसांनी ते कामावर आले, पण घमेलं वाजलं की मागे बघायचे. एकदा एक गाडी अगदी आमच्या अंगाजवळून गेली आणि शिट्टी वाजलीच नाही. कोणी त्यांना बोललं नाही. मुकादमाने हात जोडून झेंडा मागून घेतला.

आता ते खोलीत चुलीकडे तोंड करून बसतात, दाराकडे पाठ. मी डबा घेऊन जाते. पावलं ओळखून ते मागे न बघताच विचारतात, "ती नक्की काय म्हणाली होती?"

मला खरं तर तिचाच राग येतो. एवढी वर्षं नावं ठेवलीस बाई, मग हे एकदा तरी त्यांच्या तोंडावर म्हणायचंस.

"वळतील ते, असं म्हणाली."

"पुन्हा बोल."

मी पुन्हा सांगते. त्यांचे खांदे हलतात. पाठीमागून काही कळत नाही.