मशीनच्या स्टँडातला झेंडू

आमचं मोबाईल दुरुस्तीचं दुकान वारंगा फाट्यावर, म्हणजे घराचीच पुढची खोली. तिथं ह्यांनी हॉट एअरचं मशीन आणलं. त्याच्या हँडलातून अशी गरम हवा निघती की मोबाईलमधलं कथील वितळतं. मला त्याचं भेवच वाटलं, कारण लेकरू नुकतंच रांगायला लागलं होतं अन् त्याला दुकानाशिवाय दुसरं गावच ठाऊक न्हाई.

ह्यांनी मशीन भिंतीकडं मांडलं, वायर वरून नेली, खिडकी उघडी ठेवली.

"हे बघ, स्टँडमधी लोहचुंबक हाय. हँडल बराबर बसलं की मशीन आपोआप गार हवा मारतं, गरमीचा आकडा शंभराच्या खाली आला की झोपतं. तवर भिंतीवरल्या बोर्डाचं बटण बंद करायचं न्हाई, आतलं जळतं."

"अन् न्हाई झोपलं तर?"

"तुझ्यावानी हाय का ते, रातभर जागायला?"

मी आठवीतून घरी बसलेली, पण आकडे वाचता येतात. रोज काम झालं की लेकरू कडेवर घेऊन मी आकडा उतरायची वाट बघायची. डोंगरकडा गावचं एक गिऱ्हाईक म्हणलं, "वहिनी, दूध ठेवलंय काय गॅसवर?" हेबी हसले.

माझ्या सासूला, आत्याबाईला, मशीन लय आवडलं. हे हळदीकुंकू लावू देईनात म्हणून त्या रोज सकाळी स्टँडमधी एक झेंडू ठेवायच्या. "त्याची बसायची जागा हाय, रिकामी कशी ठेवावी?" हे गुपचूप काढून टाकायचे. मग एक दिवस आत्याबाईंनी फूल पडू नये म्हणून खाली दाबूनच बसवलं.

त्या दिवशी हे घाईत. काम उरकलं, न बघता हँडल ठेवलं, अन् गिऱ्हाइकासंगं चहाला गेले. मी उभीच. आकडा तीनशे पन्नास, खाली येईनाच.

"आत्याबाई, हे गार होऊन न्हाई राहिलं."

"होईल व माय. काहून इतकी भितीस? सोड खाली लेकराला, रडून राहिलंय."

लेकरू मशीनकडं झेपावून राहिलं होतं. त्याच्या हातातला खुळखुळा निसटला तो नेमका हँडलच्या तोंडापुढं, अन् बघता बघता मेणावानी वाकला. बटण बंद करावं तर मशीन जळतं, न करावं तर काय काय जळतं कोण जाणे. लेकरू आत्याबाईच्या पदरात टाकलं अन् बटण बंद केलं. जळू दे म्हणलं मशीन.

माझी हाक ऐकून हे पळत आले. "बंद काहून केलं?" मी नुस्तं खुळखुळ्याकडं बोट केलं. मग ह्यांनी हँडल उचललं, तर खाली करपलेला झेंडू; त्याच्यापायी हँडल बराबर बसलंच नव्हतं. हे आईकडं बघून राहिले.

आत्याबाई म्हणल्या, "बघ, देवानं संकट फुलावर घेतलं!"

मशीन वाचलं. आता हे गिऱ्हाइकाला ऐटीत सांगतात, "आकडा उतरल्याबिगर आमच्यात कोणी हलत न्हाई." मला मात्र अजून भित्रीच म्हणतात. अन् आत्याबाईला आकडे येत न्हाईत, म्हणून त्या लेकराला उराशी धरून माझ्या बाजूला उभ्या राहतात.

"झोपलं काय व?"

मी व्हय म्हणल्याबिगर त्याला खाली सोडत न्हाईत.