पैठणपाशी थांबलेली गोदावरी

१९४७ च्या ऑगस्टमध्ये, स्वातंत्र्य मिळाल्यानंतरच्या आठवड्यात, शेवगाव तालुक्यातल्या आमच्या गोदाकाठच्या गावी शाळेच्या मैदानावरची गोदावरी पैठणपाशी थांबवण्यात आली. गोदावरी म्हणजे सात वर्षांची एक मुलगी. मी प्रवरा होतो.

आज सकाळी घरासमोरच्या मैदानावर पाणी मारून कुणी शर्यतीसाठी फक्कीच्या रेषा ओढत होतं. ओल्या मातीवर पडलेल्या चुन्याचा तो नाकात किंचित झोंबणारा वास खिडकीतून आत आला आणि शाळेतल्या बाई आठवल्या. बाई नगरच्या मिशनच्या शाळेत शिकून आमच्या गावी आलेल्या. आमच्या शाळेत नकाशा नव्हता. म्हणून त्यांनी मैदानावर चुन्यात बुडवलेल्या दगडांचा हिंदुस्थान मांडला आणि आत फक्कीने नद्या ओढल्या. देश आधी पायांना कळला पाहिजे, मग पाटीवर, असं त्या म्हणत. प्रत्येकाला एक नदी किंवा एक डोंगर मिळे. लहान नद्यांनी धावत येऊन मोठीचा हात धरायचा आणि समुद्रापर्यंत सोडायचा नाही, हा नियम. समुद्र म्हणजे चिंचेखालची सावली. शाळेतला सर्वांत थोराड मुलगा हिमालय होता आणि त्याला जागेवरून हलायला बंदी होती.

"बाई, म्या कवर हुबा ऱ्हाऊ? लघवीला लागलीया."

"हिमालय हलत नसतो."

"हलत नसंल, पर हिमालयाला लागती का न्हाई?"

बाईंना हसू आवरत नसे. त्या पाठ फिरवत आणि हिमालय कुंपणाकडे पळत सुटे.

नदीपलीकडे मोगलाई होती. निजामाच्या मुलखाला आमच्याकडे सगळे मोगलाईच म्हणत. गोदावरी झालेली ती मुलगी पलीकडची. तिचे वडील वारलेले. पलीकडे दंगेधोपे सुरू झाले तेव्हा आईने तिला आमच्या गावी मामाकडे धाडलं आणि स्वतः घर राखायला मागे राहिली. पुढे नदीवरची नाव बंद झाली. तीरावरून आईचं गाव दिसत नसे, फक्त तिथल्या देवळाजवळच्या झाडांचे शेंडे दिसत. खेळात मात्र ती रोज त्या गावावरून जाई. त्र्यंबकहून निघून, माझा हात ओढत, पैठण मागे टाकल्यावर ती एका ठिकाणी वाकून मातीला हात लावी. का, ते बाईंना ठाऊक होतं आणि मला ठाऊक होतं.

त्या आठवड्यात तालुक्याहून एक साहेब शाळा तपासायला आले. त्यांनी दगड पाहिले आणि वायव्येचे व पूर्वेचे आत घ्यायला सांगितले. सिंधू झालेला मुलगा तापी झाला. कमी धावावं लागतं म्हणून तो खूशच होता. मग साहेबांनी मोगलाईकडे बोट दाखवलं. तिचा निकाल लागलेला नाही, तेवढा भाग मोकळा ठेवा, असं ते म्हणाले. ते गेल्यावर दगड आम्हीच उचलले. देशाच्या मधोमध फक्की नसलेली जागा राहिली आणि बाईंनी पैठणपाशी रेघ ओढली.

दुसऱ्या दिवशी गोदावरी रेघेपाशी आली. बाई म्हणाल्या, "बस, इथपर्यंतच."

"आन् म्होरं?"

"पुढचं नंतर."

"पानी आडतं व्हय, बाई? आमच्या घरावरनं तर रोज जातंय."

तापी ओरडला, "गोदा आटली रं, गोदा आटली!" सगळे हसले. ती हसली नाही. "मला आयकडं जायाचंय," असं ती एकदाच, हळू आवाजात म्हणाली. बाईंनी फक्कीचं डबडं एका हातातून दुसऱ्या हातात घेतलं. पुढे वर्षभर आम्ही रोज त्या रेघेपर्यंत धावलो आणि थांबलो. ती रेघ पावसात पुसली गेली की बाईंनाच ती पुन्हा ओढावी लागे. एकदा पुसलेली रेघ त्यांनी तशीच राहू दिली. तरी ती मुलगी नेमकी तिथेच थांबली. रेघ कुठे होती, हे तिच्या पायांना कळलं होतं.

पुढच्या सप्टेंबरात निजामाचं राज्य संपलं. नाव सुरू झाली. पहिल्याच फेरीला मामा तिला घेऊन पलीकडे गेला. तिसऱ्या दिवशी दोघं परत आली. मामाने शाळेच्या दारातच बाईंना सांगितलं, "घराला नुसती कडी हुती, बाई. आत कुनी न्हाई. कुनी म्हनतं जालन्याकडं गेली, कुनी म्हनतं परभनीकडं. खरं कुनालाच ठावं न्हाई."

पुढे वर्तमानपत्रात काम करताना मी त्या गावी दोनदा जाऊन आलो. पलीकडच्या जुन्या माणसांना विचारलं. जालना आणि परभणी, याहून तिसरं नाव मिळालं नाही.

मामा बोलून गेला त्या दुपारी बाईंनी मोकळ्या जागेत फक्की भरली. त्र्यंबकपासून चिंचेपर्यंत एकच अखंड रेघ ओढली. "आता समुद्रापर्यंत," त्या म्हणाल्या. गोदावरी निघाली. संगमावर मी तिचा हात धरला. पैठणपाशी ती थांबली.

बाईंनी दोनदा सांगितलं, "जा, बाळ, पुढं जा."

ती तिथेच उभी होती. माझा हात तिच्या हातात होता. मग शाळा सुटल्याची घंटा झाली.